डोंगरवाटेची तयारी

पनवेल शहर खाडीजवळ वसलेले आहे. तरी शहरातील एखाद्या उंच इमारतीच्या गच्चीवर उभे राहिलात, तर तुम्हांला चहूकडे डोंगर दिसतील. पूर्वेला माथेरानची लांबच लांब रांग आहे. तिच्या अलीकडे प्रबळगड आणि त्याला चिकटून उभा असलेला कलावंतिणीचा सुळका दिसतो. दक्षिणेकडे पाहिले, तर अंगठा वर करून धरावा तसा एक खडक आकाशात उभा आहे. तो कर्नाळा किल्ला होय.

असे डोंगर रोज समोर दिसत असले, की त्यांवर चढून जावे असे कोणाला वाटणार नाही? वाटलेच पाहिजे. डोंगर चढल्याने शरीर मजबूत होते, झाडेपक्षी ओळखीचे होतात आणि इतिहास प्रत्यक्ष पाहायला मिळतो. परंतु डोंगरावर होणारे पुष्कळसे अपघात डोंगरामुळे होत नाहीत. ते तयारी न केल्यामुळे होतात. म्हणून सुरक्षित सहलीची तयारी कशी करावी, हे आपण या पाठात पाहू.

समजा, तुमच्या वर्गाने कर्नाळ्याला जायचे ठरवले. सर्वप्रथम काय करावे? ज्या ठिकाणी जायचे, त्याची माहिती मिळवावी. कर्नाळा पनवेलपासून सुमारे बारा किलोमीटरवर, गोव्याकडे जाणाऱ्या महामार्गालगत आहे. किल्ल्याभोवतीचे जंगल पक्ष्यांसाठी राखून ठेवले आहे. हे अभयारण्य १९६८ साली स्थापन झाले. पूर्वी घाटावरून कोकणातील बंदरांकडे मालाची ने-आण होत असे. त्या वाटेवर नजर ठेवण्यासाठी या किल्ल्याचा उपयोग होई. आद्य क्रांतिकारक वासुदेव बळवंत फडके यांचा जन्म १८४५ साली जवळच्याच शिरढोण गावी झाला. किल्ल्यावर एक मराठी आणि एक फारसी शिलालेख आहे. उर्दू वाचणाऱ्या मुलांना तो फारसी लेख पाहून नक्कीच आनंद होईल. किल्ला, बुरूज, दरवाजा हे मराठीतले शब्दही तुमच्या ओळखीचेच आहेत.

माहिती मिळाल्यावर ऋतूचा विचार करावा. उन्हाळ्यात कोकणातील डोंगर तापतात. घाम खूप येतो, पाणी लवकर संपते आणि चक्कर येते. पावसाळ्यात डोंगर हिरवेगार होतात, पण वाटा निसरड्या होतात आणि ओढे भरून वाहतात. शाळेच्या सहलीसाठी नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ सर्वांत चांगला. तेव्हा हवा थंड असते, वाट कोरडी असते आणि दूरवरचे स्पष्ट दिसते.

तरीही पुष्कळ लोक पावसाळ्यातच डोंगराकडे धाव घेतात. म्हणून पावसाचे धोके नीट समजून घेतले पाहिजेत. पहिला धोका ओढ्याचा. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक चौरस मीटर जागेवर एक लिटर पाणी. आता एक चौरस किलोमीटरचा डोंगर घ्या. त्यावर शंभर मिलिमीटर पाऊस पडला, तर दहा कोटी लिटर पाणी पडते! डोंगराचा उतार तीव्र असतो आणि खाली कातळ असतो. त्यामुळे यातले बरेचसे पाणी जमिनीत न मुरता थोड्याच वेळात ओढ्यात उतरते. तुम्ही उभे आहात तेथे पाऊस नसेल, तरी वर माथ्यावर पडलेल्या पावसाने ओढा अचानक फुगतो.

३० जून २०२४ रोजी लोणावळ्याच्या भुशी धरणामागील धबधब्यात हेच घडले. सुट्टीसाठी आलेले एक कुटुंब प्रवाहात उभे होते. पाहता पाहता पाणी वाढले. मागे फिरायला वाट उरली नाही. त्या कुटुंबातील एक महिला आणि चार मुले वाहून गेली. काठावर माणसे होती, पण त्या जोरदार प्रवाहात कोणाचे काही चालले नाही. ओढ्याचे पाणी एकाएकी गढूळ झाले, त्यातून पाने व काटक्या वाहत येऊ लागल्या किंवा पाण्याचा आवाज वाढला, तर तो धोक्याचा इशारा समजावा. अशा वेळी सामान उचलत बसू नये. ताबडतोब काठावर येऊन उंच जागी जावे. पाणी गुडघ्यापर्यंत असले आणि वेगाने वाहत असले, तरी ते माणसाला पाडू शकते. म्हणून फुगलेला ओढा ओलांडू नये. पाऊस थांबला, की डोंगरातला ओढा बहुधा काही तासांत उतरतो. तोपर्यंत वाट पाहावी.

दुसरा धोका दरडीचा. डोंगराच्या कातळावर मातीचा थर असतो. सतत पाऊस पडला, की ही माती पाणी पिऊन जड होते आणि तिची कातळावरची पकड सुटते. मग झाडे, दगड, माती सारे एकदम खाली येते. खालापूर तालुक्यात इर्शाळगडाच्या उतारावर इर्शाळवाडी नावाची आदिवासी वस्ती होती. १९ जुलै २०२३ च्या रात्री तिच्यावर दरड कोसळली. सत्तावीस जणांचे मृतदेह सापडले. सत्तावन्न माणसे बेपत्ता झाली, ती सापडलीच नाहीत. वाडीपर्यंत मोटारीचा रस्ता नव्हता. मदत करणाऱ्यांना भर पावसात, अंधारात पायी चढावे लागले. चढताना नवी मुंबईच्या अग्निशमन दलातील एका अधिकाऱ्याचे निधन झाले. वाडीतील माणसे आपल्याच घरी झोपलेली होती. त्यांच्या हाती काही नव्हते. सहलीला जाणाऱ्याच्या हाती मात्र न जाण्याचा निर्णय असतो. आपण संकटात सापडलो, तर आपल्याला वाचवायला येणाऱ्यांचा जीवही धोक्यात येतो, हे कधी विसरू नये.

यासाठी निघण्यापूर्वी हवामानाचा अंदाज पाहावा. हवामान खाते प्रत्येक जिल्ह्यासाठी रंगांनी इशारा देते. हिरवा रंग म्हणजे धोका नाही. पिवळा म्हणजे सावध राहा. केशरी म्हणजे संकटाला तोंड देण्यास तयार राहा आणि लाल म्हणजे तातडीने उपाय करा. रायगड जिल्ह्यासाठी केशरी किंवा लाल इशारा असेल, तर सहल रद्द करावी. पिवळा असेल, तर ओढे, धबधबे आणि कडे टाळावेत. पावसाळ्यात सरकार अनेक धबधब्यांवर जाण्यास बंदी घालते. ही बंदी आपल्या भल्यासाठीच असते. अभयारण्य त्या दिवशी खुले आहे का, याचीही वनखात्याकडे चौकशी करावी.

आता वेळेचा हिशेब करू. स्कॉटलंडमधील गिर्यारोहक विल्यम नेस्मिथ यांनी १८९२ साली यासाठी एक सोपा नियम सांगितला. पाच किलोमीटर चालण्यास एक तास धरावा आणि सहाशे मीटर चढण्यासाठी आणखी एक तास मिळवावा. समजा, वाट तीन किलोमीटरची आहे आणि चढ चारशे मीटरचा आहे. तर चालण्याची छत्तीस मिनिटे आणि चढाची चाळीस मिनिटे, म्हणजे एक तास सोळा मिनिटे लागतील. पण हा हिशेब सराव असलेल्या माणसाचा आहे. वर्गातील मुले थांबत, बोलत, पक्षी पाहत चढतात. म्हणून त्यांच्यासाठी दुप्पट वेळ, म्हणजे सुमारे अडीच तास धरावे. सकाळी सात वाजता चढायला सुरुवात केली, तर साडेनऊला माथा येईल. नाश्ता, विश्रांती आणि किल्ला पाहणे यांसाठी एक तास ठेवावा. साडेदहाला उतरायला लागले, तर दुपारचे जेवण आणि नमाज यांसाठी वेळेवर खाली पोहोचता येईल.

या हिशेबात एक गोष्ट सर्वांत महत्त्वाची आहे. परत फिरण्याची वेळ घरूनच ठरवून निघावे. साडेदहा वाजले, की आपण जेथे असू तेथून मागे फिरायचे. माथा शंभर पावलांवर असला तरीही! वर गेल्यावर हा निर्णय घेणे कठीण जाते. ‘आता थोडेच राहिले आहे,’ असे प्रत्येकाला वाटते. या मोहाने माणसे अंधारात अडकतात आणि वाट चुकतात.

सामान कमी, पण उपयोगाचे असावे. पायांत खोल नक्षीच्या तळव्याचे बूट घालावेत. चपला किंवा गुळगुळीत तळव्याचे बूट चालत नाहीत. प्रत्येकाजवळ किमान दोन लिटर पाणी, थोडे खजूर, चणे किंवा गूळ-शेंगदाणे, विजेरी आणि शिट्टी असावी. पावसाचा संभव असेल, तर अंगावर रेनकोट घ्यावा आणि दोन्ही हात मोकळे ठेवावेत. प्रथमोपचाराची पेटी एका जबाबदार व्यक्तीकडे द्यावी. शिट्टीचा उपयोग खेळासाठी करू नये. मदत हवी असेल, तर एका मिनिटात सहा वेळा शिट्टी वाजवावी, मग एक मिनिट थांबावे आणि पुन्हा सहा वेळा वाजवावी. ही खूण जगभरचे गिर्यारोहक ओळखतात. दरीत मोबाईल चालेलच असे नाही. शिट्टी मात्र चालते. मोबाईल चालत असेल, तर ११२ या क्रमांकावर मदत मागावी. रुग्णवाहिकेसाठी १०८ हा क्रमांक आहे.

वाटेवर चालण्याचेही काही नियम आहेत. सर्वांत पुढे वाट माहीत असलेला माणूस आणि सर्वांत मागे एक शिक्षक असावा. मध्ये कोणीही एकटे पडू नये. सर्वांत हळू चालणाऱ्या मुलाच्या वेगाने सर्वांनी चालावे. शेवाळलेल्या खडकावर पाय देऊ नये. कड्याच्या टोकाला उभे राहून छायाचित्र काढू नये. वीज चमकू लागली, तर माथ्यावर किंवा एकट्या झाडाखाली थांबू नये. साप चावला, तर जखम कापू नये, घट्ट बांधू नये. त्या व्यक्तीला शांत ठेवून, न चालवता, लवकरात लवकर रुग्णालयात न्यावे.

कर्नाळ्याच्या सुळक्यावर मधमाश्यांची मोठमोठी पोळी असतात. म्हणून तेथे आरडाओरडा करू नये, दगड मारू नयेत, धूर करू नये. त्या दिवशी अत्तरही लावू नये, कारण उग्र वासाने माश्या चवताळतात. माश्या अंगावर आल्याच, तर हात न झटकता तोंड व डोके कापडाने झाकून, पाऊल जपत, तेथून लवकर दूर जावे.

हे नियम केवळ आपल्या सह्याद्रीचे नाहीत. काश्मीरमध्ये गुलमर्गला हिवाळ्यात डोंगर बर्फाने झाकले जातात. तेथे प्रवासी बर्फावरून घसरत धावणाऱ्या मोटारींत बसून फिरतात. तेथे मातीऐवजी बर्फाचा प्रचंड थर उतारावरून कोसळण्याचे भय असते. पण तेथेही अंदाज पाहूनच निघावे लागते, खुणा केलेली वाट सोडता येत नाही आणि एकट्याने जाणे धोक्याचे ठरते.

शेवटी एक छोटेसे काम राहिले. एका कागदावर कोठे जाणार, कोणत्या वाटेने जाणार, बरोबर कोण आहे आणि किती वाजता परत येणार, हे लिहावे. तो कागद घरी अम्मी-अब्बांजवळ किंवा शाळेत ठेवावा. ठरलेल्या वेळी आपण परतलो नाही, तर कोठे शोधायचे हे त्यांना कळेल. घरी सुखरूप पोहोचल्यावर ‘आम्ही आलो’ असे आठवणीने सांगावे. तेव्हाच सहल पूर्ण झाली असे समजावे. एखाद्या वेळी माथा न गाठता परतावे लागले, तरी वाईट वाटून घेऊ नये. कर्नाळ्याचा अंगठा उद्याही तेथेच असेल; पुढच्या थंडीत पुन्हा जाता येईल.