नऊ महिने न आवळणारा स्नायू

गर्भाशय हा मुळात आवळणारा स्नायू. पाळीच्या दिवसांत त्याचा हा स्वभाव चांगलाच जाणवतो. गरोदरपणात हाच स्नायू 60-70 ग्रॅमवरून वाढत वाढत किलोभर होतो, भिंती ताणल्या जातात, आतून बाळ लाथा मारतं. तरी तो जवळजवळ शांत असतो. अधूनमधून पोट कडक होतं नि सैल पडतं, एवढंच. मला बाळंतपणातल्या कळांपेक्षाही या शांततेचं नवल वाटतं.

ती राखतं प्रोजेस्टेरॉन. हे संप्रेरक रक्तातून सगळीकडे फिरतं, पण काम करतं ते फक्त त्याचा रिसेप्टर असलेल्या पेशींत. रिसेप्टर म्हणजे नेमकं तेच संप्रेरक ओळखणारं प्रथिन. प्रोजेस्टेरॉनचा रिसेप्टर पेशीच्या आत असतो. संप्रेरक जोडलं गेलं की तो डीएनएवर जाऊन बसतो आणि कळांसाठी लागणारी जनुकं दाबून ठेवतो.

मेंढी, ससा यांच्यात विण्याआधी रक्तातलं प्रोजेस्टेरॉन घसरतं आणि कळा सुरू होतात. बाईचं तसं नाही. कळा ऐन जोरात असतानाही तिच्या रक्तात ते भरपूर असतं. उतरतं ते वार पडल्यावर. मग शांतता मोडते कशी? या कोड्यानं संशोधकांना फार छळलं. उत्तराचा मोठा भाग रिसेप्टरमध्येच सापडला. एकाच जनुकापासून त्याची दोन रूपं बनतात: लांब ‘बी’ आणि थोडं आखूड ‘ए’. ‘बी’ स्नायूला शांत ठेवतं. दिवस भरत आले की ‘ए’चं प्रमाण वाढतं आणि ते ‘बी’च्या कामात खो घालतं. संप्रेरक तेवढंच, पण त्याचा हुकूम चालेनासा होतो! मिफेप्रिस्टोन हे औषधही असंच काम करतं: प्रोजेस्टेरॉन कमी न करता रिसेप्टरची जागा अडवतं, आणि गर्भाशय आवळू लागतं.

दाबलेली जनुकं आता मोकळी होतात. स्नायूपेशींच्या पृष्ठभागावर ऑक्सिटोसिनचे, म्हणजे गर्भाशय आवळायला लावणाऱ्या संप्रेरकाचे, रिसेप्टर दाटू लागतात. पिट्युटरी ग्रंथीच्या अर्कानं मांजरीचं गर्भाशय आवळतं, हे हेन्री डेल यांनी 1906 मध्ये दाखवलं होतं. त्या अर्कातलं ऑक्सिटोसिन म्हणजे अवघ्या 9 अमिनो आम्लांचा रेणू. व्हिन्सेंट द्यू व्हिन्यो यांनी 1953 मध्ये तो प्रयोगशाळेत घडवला आणि 1955 चं नोबेल मिळवलं. कळा सुरू होताना रक्तातलं ऑक्सिटोसिन फारसं वाढलेलं नसतं. वाढलेले असतात रिसेप्टर. म्हणूनच जो डोस पाचव्या महिन्यात फारसं काही करत नाही, तोच दिवस भरल्यावर कळा आणतो.

एका पेशीत डोकावू. ऑक्सिटोसिन रिसेप्टरवर बसतं, आतल्या साठ्यातून कॅल्शियम सुटतं, बाहेरूनही आत येतं, मायोसिनचे तंतू अ‍ॅक्टिनला धरून ओढतात आणि पेशी आखडते. पण सुट्या पेशी आखडून बाळ पुढे सरकत नाही. त्यासाठी शेजारी पेशींमध्ये कनेक्सिन-43 या प्रथिनाचे सूक्ष्म मार्ग तयार होतात. त्यांतून विद्युतलहर पेशीपेशींत पसरते आणि दिंडीतले टाळ एका ठेक्यावर यावेत तसा सगळा स्नायू एकदम आवळतो. मग सैल पडतो. हे सैल पडणंही तितकंच मोलाचं: कळ असताना वारेकडे जाणारं रक्त कमी होतं, दोन कळांमधल्या उसंतीत बाळाला पुन्हा प्राणवायू मिळतो.

बाळ झालं तरी काम उरतंच. दिवस भरलेल्या गर्भाशयातून मिनिटाला निदान अर्धा लिटर रक्त वाहत असतं. वार सुटली की उघड्या राहिलेल्या रक्तवाहिन्यांना भोवतीचे एकमेकांत विणलेले स्नायुतंतूच आवळून बंद करतात. म्हणून बाळ जन्मताच आईला 10 युनिट ऑक्सिटोसिनचं इंजेक्शन देतात. मात्र कळा वाढवायला सलाइनमधून ते तासन्‌तास चाललेलं असेल, तर पेशींनी बरेचसे रिसेप्टर आत ओढून घेतलेले असतात. अशा बाईचं गर्भाशय इंजेक्शनला नीट दाद देईलच असं नाही; तिच्या रक्तस्रावावर जास्त लक्ष ठेवावं लागतं आणि वेगळ्या रिसेप्टरवर काम करणारं दुसरं औषध हाताशी असावं लागतं.