मौखिक परीक्षा : विद्यार्थ्याचे निवेदन कसे तपासावे?

बी. ए. एम. एस. परीक्षेत लेखी उत्तरपत्रिकेबरोबरच प्रात्यक्षिक व मौखिक परीक्षेलाही गुण असतात. लेखी उत्तराला गुणविभागणी असते. मौखिक परीक्षेत मात्र परीक्षकाच्या मनावर उमटलेला ठसाच पुष्कळदा गुणांचे रूप घेतो. सफाईने बोलणारा तरून जातो आणि विषयाची जाण असलेला बुजरा विद्यार्थी मागे पडतो. यावर शास्त्राधारित कसोटी कोणती, याचा विचार आम्ही येथे करीत आहोत.

चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील तिसाव्या अध्यायात आयुर्वेदज्ञाची ओळख सांगितली आहे. तंत्र, स्थान, अध्याय व प्रश्न हे त्याला वाक्यशः, वाक्यार्थशः आणि अर्थावयवशः सांगता आले पाहिजेत. वाक्यशः म्हणजे मूळ पाठ जसाच्या तसा म्हणणे. वाक्यार्थशः म्हणजे प्रतिज्ञा, हेतू, उदाहरण, उपनय व निगमन यांच्या आधारे, तिन्ही प्रकारच्या बुद्धीच्या शिष्यांस उमजेल असा अर्थ सांगणे. अर्थावयवशः म्हणजे दुर्बोध स्थळे पुन्हा उलगडून दाखविणे. सुश्रुताचार्यांनी स्पष्ट अक्षरे, मध्यम स्वर व हातवाऱ्यांचा अभाव हे पठणाचे गुण मानले. परंतु अर्थ न जाणता पाठ करणाऱ्यास चंदनाचा भार वाहणाऱ्या गाढवाची उपमाही दिली. तात्पर्य, उच्चार आणि आकलन यांचे गुण स्वतंत्रपणे द्यावयास हवेत.

आधुनिक वैद्यकशिक्षणही याच निष्कर्षाला आले. स्कॉटलंडमधील डंडी येथील रोनाल्ड हार्डेन यांनी १९७५ मध्ये अशी परीक्षापद्धती मांडली, की प्रत्येक विद्यार्थ्याला ठरावीक वेळात तेच काम दिले जाते आणि परीक्षक आधी ठरविलेल्या यादीनुसार गुण देतो.

रुग्णवृत्त-निवेदनासाठी २० गुणांची पुढील विभागणी आम्ही सुचवितो : वेदना व त्यांचा कालक्रम ४, आहार, विहार, व्यवसायासह हेतुविचार ४, परीक्षणातील निष्कर्ष ३, दोष-दूष्य व संप्राप्ती ४, चिकित्सा, मात्रा व अनुपान ३, रुग्णाला त्याच्या भाषेत समजाविणे २. दोन परीक्षकांनी आधी स्वतंत्र गुण लिहावेत व मगच ताडून पाहावेत.

यांतील हेतुविचार व शेवटचे दोन गुण यांचे मोल बीड जिल्ह्यात विशेष आहे. येथील हजारो कुटुंबे दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीसाठी पश्चिम महाराष्ट्रात व कर्नाटकात जातात आणि पाच-सहा महिन्यांनी परततात. कंबरदुखीचा रुग्ण सांगताना ‘व्यवसाय : मजुरी’ एवढेच म्हणणारा विद्यार्थी डोक्यावर मोळ्या वाहणे, रात्री-अपरात्री गाडी भरणे, वेगधारण, अवेळी भोजन हा सारा हेतूच गमावतो. रुग्णाला सगळे समजावून न सांगण्याची किंमत किती मोठी असते, हेही या जिल्ह्याने पाहिले आहे. ऊसतोड महिलांच्या गर्भाशय-शस्त्रक्रियांबाबत २०१९ मध्ये नेमलेल्या डॉ. नीलम गोऱ्हे समितीपुढे आलेल्या पाहणीत सुमारे ८२ हजार महिलांपैकी १३ हजारांहून अधिक महिलांची ही शस्त्रक्रिया झाल्याचे आढळले.

कारखान्याच्या वाटेवरील रुग्ण आठवड्याने फेरतपासणीस येईलच असे नाही. एकदा सांगितलेलेच त्याच्याबरोबर फडात जाते. म्हणून ‘अरिष्ट समभाग पाण्यातून, भोजनोत्तर’ एवढे बोलून विद्यार्थ्याने थांबू नये. ‘जेवण झाल्यावर, जेवढे औषध तेवढेच पाणी घालून घ्या,’ असे सांगावे आणि रुग्णाकडून ते पुन्हा म्हणवून घ्यावे. रुग्णाने बरोबर सांगितले तरच ते दोन गुण द्यावेत.

ही तयारी केवळ महाविद्यालयात होणार नाही. आंतरवासीय विद्यार्थी ज्यांच्याकडे येतात त्या वैद्यबंधूंनी रोज एका रुग्णाचे निवेदन पाच मिनिटे ऐकावे व वरील यादीने तपासावे. औषधालयचालकांनी औषध देताना रुग्णास मात्रा व अनुपान विचारावे आणि वारंवार होणारा गैरसमज वैद्यांच्या कानी घालावा. परीक्षक वर्षातून एकदा ऐकतो. रुग्ण मात्र रोज ऐकत असतो, आणि त्याला जे कळले तेच औषध त्याच्या पोटात जाते.