फुकट डेटाबेसचा पगार कोण देतं?

लखनौच्या विकास नगरातून पोस्टग्रेस या फुकट डेटाबेसचा एक भक्त लिहितोय. "सॉफ्टवेअर फुकट, मग लिहिणारे खातात काय?" हा प्रश्न मला नेहमी विचारला जातो. उत्तराचा एक धागा पुण्यात सापडतो.

पोस्टग्रेसमध्ये ओळ बदलली की जुनी तशीच राहते आणि नवी प्रत लिहिली जाते. पूर्वी त्या प्रत्येक प्रतीसाठी सगळ्या इंडेक्समध्ये नव्या नोंदी व्हायच्या, बदल इंडेक्सबाहेरच्या रकान्यात असला तरी! फेब्रुवारी २००८ च्या ८.३ आवृत्तीत 'हॉट' ही सुधारणा आली. त्याच पानावर जागा असेल, तर या फालतू नोंदी टळू लागल्या. हे काम मुख्यतः पुण्याच्या पवन देओलसी यांचं. तेव्हा ते एंटरप्राइझडीबी या कंपनीत होते. कंपनी सशुल्क आवृत्ती आणि सपोर्ट विकते, त्यातून पगार देते, आणि सुधारणा मात्र सगळ्या जगाला मिळते. धर्मादाय नव्हे, रोकडा व्यवहार.

मग कंपनीच मालक होऊन बसली तर? मायएसक्यूएल हा दुसरा फुकट डेटाबेस आधी सन कंपनीकडे, २०१० मध्ये ओरॅकलकडे गेला. मूळ कर्त्याने वेगळी चूल मांडली, मारियाडीबी. पोस्टग्रेसला विकायला मालकच नाही. २०२० मध्ये एंटरप्राइझडीबीने सेकंडक्वाड्रंट ही दुसरी पोस्टग्रेस कंपनी विकत घेतली, तेव्हा प्रकल्पाचा कारभार पाहणाऱ्या कोअर टीममध्ये एकाच कंपनीचे निम्म्याहून जास्त लोक झाले. असं होऊ द्यायचं नाही हा अलिखित संकेत मोडू नये म्हणून बाहेरचे दोन सदस्य घेतले गेले.

एसक्यूलाइट या डेटाबेसची तऱ्हा आणखी निराळी: कॉपीराइटच सोडलेला, आणि खर्चाला वर्गणीदार कंपन्यांचा संघ.