पांदणींतील चाक आणि बॅटरींतील वीज

धानाची कापणी उरकून पुंजणे रचले गेले, कीं रामटेकच्या बाजूस पांदणींतून ट्रॉल्यांची ये-जा सुरू होते. आणि बाभळीचे कांटे चाकांत शिरण्याचे दिवसहि तेच. भरलेल्या ट्रॉलीचें चाक वाटेंत बसलें, तर तें काढून दुचाकीवर बांधावें आणि रामटेक किंवा मनसर गांठावें, असा नेहमींचा परिपाठ आहे. ही यातायात चुकवावी म्हणून कित्येक शेतकरी बंधु जीपच्या किंवा ट्रॅक्टरच्या बॅटरीस इन्व्हर्टर जोडून घरचा २३० व्होल्टचा काँप्रेसर शेतांत चालवूं पाहतात. आम्हींहि तसें करून पाहिलें, आणि फसलों.

आमचा काँप्रेसर १ अश्वशक्तीचा. १ अश्वशक्ति म्हणजे ७४६ वॅट, तेव्हां १००० वॅटचा इन्व्हर्टर सहज पुरेल, असा हिशेब आम्हीं केला. विकणारानेंहि मान डोलावली. शेतांत कळ दाबतांच मोटार एकदां कण्हली, इन्व्हर्टरनें शीळ घातली आणि सारें शांत झालें. दिवे लावून, इंजिन बंद ठेवून बराच वेळ खटपट केली. शेवटीं इन्व्हर्टर जळाला, बॅटरी उतरली आणि ट्रॅक्टरहि चालू होईना. आभाळ भरून आलेलें, ट्रॉलींत धान. ती रात्र आम्हीं ताडपत्री ओढून तेथेंच बसून काढली.

चूक हिशेबांतच होती. ७४६ वॅट ही मोटारीच्या दांड्यावर मिळणारी शक्ति. त्यासाठीं मोटार स्वतः १०००–११०० वॅट ओढते. शिवाय अशी मोटार सुरू होतांना क्षणभर नेहमींच्या ५–६ पट विद्युत्प्रवाह मागते, आणि टांकींत आधींच दाब असला तर तिला फिरणें आणखी जड जातें. साधारण इन्व्हर्टर आपल्या शक्तीच्या दुप्पट भार क्षणभर सोसतो, त्यापुढें नाहीं. स्वस्त इन्व्हर्टरची वीज पायऱ्यांसारखी तुटक असते. तिच्यावर मोटार गुणगुणते आणि तापते, हें वेगळेंच.

समजा, मोठा इन्व्हर्टर घेतला. ११०० वॅट देण्यास तो बॅटरींतून सुमारें १२५० वॅट घेईल. १२ व्होल्टवर हा प्रवाह १०० अँपियरच्या वर गेला. अनेक ट्रॅक्टरांचा आल्टरनेटर ३५–४० अँपियरच्या आसपासचा असतो, म्हणजे उरलेला सारा भार बॅटरीवर. जीपमधील सिगारेटच्या खांचेंतून तर हें होणेंच नाहीं; तिचा फ्यूज बहुधा १०–१५ अँपियरचा. तारेकडे मात्र कोणीच पाहत नाहीं. २.५ चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या तारेनें इन्व्हर्टर बॅटरीपासून २ मीटर दूर ठेवला, तर जाऊन-येऊन ४ मीटर तारेंत १०० अँपियरवर पावणेतीन व्होल्ट वाटेंतच मरतात; बॅटरी भरलेली असून इन्व्हर्टर ती उतरली असें समजून बंद पडतो. तीच तार १६ चौरस मिलिमीटरची असेल, तर तूट अर्ध्या व्होल्टहून कमी.

इतका खटाटोप कशास, असें आमचें आतां मत झालें आहे. १२ व्होल्टची वीज २३० करावयाची आणि तिनें पुन्हां मोटारच फिरवावयाची, त्यापेक्षां १२ व्होल्टवरच चालणारा हवेचा पंप घ्यावा. मोठा पंप ३० अँपियरपर्यंत घेतो; त्याचे चिमटे थेट बॅटरीस लावावे, बॅटरीजवळच फ्यूज ठेवावा आणि इंजिन चालू ठेवावें.

हा पंप सावकाश चालतो, तेव्हां धीर हवा. चाकाच्या पोकळीचें माप घ्यावें, दर १४.७ पौंड दाबास तेवढीच बाहेरची हवा आंत जावी लागते. १०० लिटर पोकळीच्या ट्रॉलीच्या चाकांत ६० पौंड दाब करावयाचा, तर सुमारें ४०० लिटर हवा हवी. मिनिटास ४० लिटर असें छापलेल्या पंपास कागदावर १० मिनिटें पुरतात, परंतु दाब वाढेल तसा पंप मंदावतो. प्रत्यक्षांत वेळ बराच अधिक लागतो आणि मध्यें त्यास निववावें लागतें. ट्रॅक्टरचें मागचें चाक मोठें दिसलें तरी त्यास दाब थोडा, म्हणून तें अवघड नाहीं. किती दाब भरावा, हें टायरवर आणि यंत्राच्या पुस्तिकेंत पाहावें.

ज्यांच्यापाशीं इन्व्हर्टर आहेच, त्यांनीं काँप्रेसर अर्ध्या अश्वशक्तीचा ठेवावा. इन्व्हर्टर मात्र गुळगुळीत लहरीचा, २००० वॅटचा असावा. टांकीची चकली उघडी टाकून मोटार सुरू करावी आणि ती वेगांत आल्यावर बंद करावी. ओल्या बांधींत मात्र २३० व्होल्टची तार ओढूं नये. यंत्र धुऱ्यावर कोरड्या जागीं ठेवून हवेचीच नळी लांब घ्यावी.

आमच्या ट्रॅक्टरच्या पेटींत हल्लीं १२ व्होल्टचा पंप, दाब मोजण्याचें यंत्र, ठिगळांचा डबा आणि जुना पायपंप असतो. यंदा पुंजणे घरीं येईपर्यंत तीन चाकें बसलीं. पायपंपास हात लावावा लागला नाहीं, तरी तो आम्हीं काढून ठेवलेला नाहीं.