‘विकणे आहे’ची पाटी वर्षभर का लटकते?

पाथर्डी फाटा, म्हसरूळ, जेल रोड, आडगाव नाका. नाशिकच्या या भागांत नव्या इमारती उभ्या राहत आहेत आणि त्यांच्या शेजारीच दहा-पंधरा वर्षं जुन्या इमारतींच्या गॅलऱ्यांवर ‘फ्लॅट विकणे आहे’चे फलक बांधलेले दिसतात. प्रत्येक फलकामागे काही ना काही निकड असते: मुलीचं शिक्षण, घरातलं आजारपण, पुण्याला झालेली बदली, भावाभावांतली वाटणी. बाजार थंड असला की अशा माणसाला चहूकडून सल्ले मिळतात. त्यातले बरेचसे महागात पडणारे असतात.

माझं म्हणणं साधं आहे. मंदीत घर विकलं जातं ते दोन गोष्टींवर: स्वच्छ कागद आणि पहिल्याच दिवशी सांगितलेली खरी किंमत. या दोन्हींना फारसा खर्च येत नाही. उलट ज्या गोष्टींवर लोक लाख-दोन लाख घालतात, त्यांतून तो पैसा क्वचितच परत मिळतो.

“शेजारचा पंचावन्न लाख मागतोय, मग मी का नको?”

सगळ्यात मोठा गैरसमज हाच. मागितलेली किंमत आणि मिळालेली किंमत यांत फरक असतो, आणि शेजाऱ्याचा फ्लॅट अजून विकला गेलेला नाही, एवढंच त्या पंचावन्न लाखांवरून सिद्ध होतं. प्रत्यक्षात झालेले व्यवहार पाहायचे तर नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावर ई-सर्चची सोय आहे. वर्ष, गाव आणि सर्व्हे नंबर टाकला की नोंदलेल्या दस्तांच्या ‘इंडेक्स टू’ दिसतात. त्यात मोबदला, बाजारमूल्य, क्षेत्रफळ आणि तारीख असते. आपल्याच इमारतीतले, नाहीतर त्याच गल्लीतले गेल्या वर्षभरातले चार-पाच दस्त काढले तर डोळे उघडतात. काही दस्तांत रोखीचा भाग लपवलेला असू शकतो, म्हणून एकाच आकड्यावर विसंबू नये. तरीही जाहिरातींपेक्षा हा आधार कितीतरी भक्कम आहे.

आता घेणाऱ्याच्या खिशात डोकावून पाहू, कारण किंमत शेवटी तिथेच ठरते. समजा फ्लॅट ५० लाखांचा आहे. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार ३० ते ७५ लाखांच्या गृहकर्जात बँक घराच्या किमतीच्या जास्तीत जास्त ८० टक्के रक्कम देऊ शकते, म्हणजे ४० लाख. उरलेले १० लाख घेणाऱ्याचे. त्यावर शहरातलं साधारण सहा टक्के मुद्रांक शुल्क म्हणजे ३ लाख आणि नोंदणी फी ३० हजार. हा खर्च बँक कर्जासाठी किमतीत धरत नाही, त्यामुळे त्याला स्वतःचे १३ लाख ३० हजार उभे करावे लागतात. आता बँकेच्या व्हॅल्युअरने इमारतीचं वय पाहून मूल्यांकन ४६ लाखच दिलं, तर कर्ज ३६ लाख ८० हजारांवर येतं आणि घेणाऱ्याला स्वतःचे साडेसोळा लाख घालावे लागतात. ३ लाख २० हजारांची ही दरी किती सौदे मोडते, याचा विकणाऱ्याला पत्ताही लागत नाही. “पार्टी मागे हटली” एवढंच त्याच्या कानावर येतं.

म्हणून किंमत ठरवण्याआधी बँकेच्या पॅनेलवरच्या एखाद्या व्हॅल्युअरकडून मूल्यांकन करून घ्यावं, असं मी आग्रहाने सांगेन. त्याची फी घराच्या किमतीपुढे नगण्य आहे. घेणाऱ्याला सांगण्यासारख्या दोन गोष्टीही विकणाऱ्याने माहीत करून घ्याव्यात. पूर्णत्वाचा दाखला मिळालेल्या जुन्या घरावर जीएसटी लागत नाही. बांधकाम चालू असलेल्या फ्लॅटवर तो सर्वसाधारणपणे ५ टक्के आणि परवडणाऱ्या घरांच्या व्याख्येत बसणाऱ्या फ्लॅटवर १ टक्का असतो. शिवाय राहतं घर फक्त महिलेच्या नावावर घेतलं तर मुद्रांक शुल्कात एका टक्क्याची सवलत मिळते. ५० लाखांवर ते ५० हजार होतात. किंमत ५० हजारांनी उतरवण्याआधी ही गोष्ट घेणाऱ्याच्या घरच्यांसमोर मांडायला काय हरकत आहे?

“सिंहस्थापर्यंत थांबा, भाव दुप्पट होतील”

नाशिकमध्ये हे वाक्य दर बारा वर्षांनी नव्याने ऐकू येतं. ३१ ऑक्टोबर २०२६ला सिंहस्थ कुंभमेळ्याचं ध्वजारोहण आहे, पहिलं अमृतस्नान २ ऑगस्ट २०२७ला. रस्ते, घाट आणि पुलांची कामं होतील, त्याचा शहराला फायदाही होईल. पण लाखो भाविक स्नान करून परततात; जेल रोडवरचा दोन बेडरूमचा फ्लॅट घ्यायला ते येत नाहीत. तो घेणारा सातपूर-अंबडच्या कारखान्यातला, शाळेतला, बँकेतला पगारदार असतो. त्याचा निर्णय पगार आणि हप्ता यांवर ठरतो.

घोषणांच्या भरवशावर किंमत धरून ठेवली की काय होतं, हे नाशिकच्या मेट्रो निओ प्रकल्पाने दाखवलं आहे. फेब्रुवारी २०२१च्या केंद्रीय अर्थसंकल्पात त्यासाठी २,०९२ कोटी रुपयांची घोषणा झाली आणि नियोजित मार्गालगतच्या घरांच्या जाहिरातींत मेट्रो लगेच धावू लागली. त्यानंतर वर्षामागून वर्षं गेली, काम काही सुरू झालं नाही. समृद्धी महामार्ग मात्र ५ जून २०२५ला पूर्ण खुला झाला. पण त्याचा फायदा इगतपुरी-सिन्नरच्या जागेला जसा, तसा इंदिरानगरमधल्या तिसऱ्या मजल्याला होईलच असं नाही.

थांबण्याचीही किंमत असते. ५० लाख आज हातात आले आणि साडेसहा टक्क्यांनी ठेवले, तर दोन वर्षांचं सरळ व्याज साडेसहा लाख होतं. दरमहा २ हजार मेंटेनन्स धरला तर आणखी ४८ हजार, शिवाय घरपट्टी. म्हणजे रिकामं ठेवलेलं घर दोन वर्षांनी ५७ लाखांना गेलं तरच बरोबरी. १२ हजार भाड्याने दिलं तर हा आकडा ५४ लाखांच्या आसपास येतो. एवढी वाढ होण्याची खात्री असेल तर जरूर थांबावं. गरज नसणाऱ्याने मंदीत न विकता भाडेकरू ठेवणं हाही शहाणपणाचा निर्णय आहे. पण निकड असताना निव्वळ आशेवर घराला कुलूप लावून बसणं मला पटत नाही.

“आधी गिऱ्हाईक येऊ दे, कागद मग पाहू”

नाशिकमध्ये सर्वाधिक सौदे इथे अडतात, आणि त्याला या शहराचा स्वतःचा इतिहास आहे. गेल्या दशकाच्या मध्यात ‘कपाट प्रकरण’ गाजलं. कपाटासाठी म्हणून एफएसआयमधून सुटलेली जागा बऱ्याच इमारतींत खोलीतच मिळवली गेली होती. महापालिकेने अशा इमारतींचे पूर्णत्वाचे दाखले रोखले. लोक राहायला गेले, हप्ते भरू लागले, पण दाखला मिळाला नाही. २०१७ची विकास नियंत्रण नियमावली आणि डिसेंबर २०२०ची एकत्रित नियमावली यांनंतर दंड किंवा प्रीमियम भरून सुटण्याचे मार्ग निघाले, मात्र प्रत्येक इमारतीने ते वापरले असं नाही. दाखला नसेल तर बँक कर्ज नाकारू शकते, आणि मग फक्त रोख पैसेवालाच गिऱ्हाईक उरतो. तो भाव पाडून मागणारच. म्हणून फलक लावण्याआधी एकदा महापालिकेच्या नगररचना विभागात जाऊन इमारतीचा दाखला आहे का हे विचारावं. नसेल तर इमारतीतल्या सगळ्यांनी मिळून बिल्डरच्या मागे लागावं. एकट्याच्या अर्जाने हे काम पुढे सरकत नाही.

सिडकोतल्या घराची गोष्ट वेगळी. ती घरं मुळात भाडेपट्ट्यावर दिलेली. आपलं घर फ्रीहोल्ड झालंय की अजून भाडेपट्ट्यावरच आहे, हस्तांतरणासाठी सिडकोची परवानगी आणि शुल्क किती, हे आधीच विचारून ठेवावं. वरचा वाढवलेला मजला मंजूर नकाशात आहे का, हाही प्रश्न तिथे हमखास निघतो.

नाशिकमध्ये सोसायट्यांइतकीच ‘डीड ऑफ अपार्टमेंट’ असलेली मालकीही दिसते. सोसायटी असेल तर आणखी एक समज: समितीने ना हरकत दाखला दिल्याशिवाय विकता येत नाही. आदर्श उपविधींनुसार सभासदाला विक्रीसाठी असा दाखला लागत नाही. हस्तांतरणाची नोटीस मात्र द्यावी लागते. प्रत्यक्षात घेणाऱ्याची बँक पत्र मागते, तेव्हा थकबाकी भरून ते मिळवून ठेवावं. हस्तांतरण अधिमूल्य म्हणून समिती वाटेल ती रक्कम मागू शकत नाही. ९ ऑगस्ट २००१च्या शासन परिपत्रकाप्रमाणे महानगरपालिका क्षेत्रात त्याची कमाल मर्यादा २५ हजार रुपये आहे. ‘ऐच्छिक देणगी’च्या नावाखाली लाखभर मागणाऱ्या समितीला हे परिपत्रक दाखवावं. नम्रपणे, पण दाखवावं.

कर्ज शिल्लक असलेलं घर विकता येत नाही, हाही गैरसमजच. बँकेकडून थकबाकीचं पत्र आणि कागदांची यादी घ्यायची. घेणाऱ्याची बँक ती रक्कम थेट आपल्या बँकेला देते आणि उरलेली आपल्याला. वैयक्तिक गृहकर्ज बदलत्या व्याजदराचं असेल तर मुदतपूर्व फेडीचा दंड लागत नाही. कर्ज फिटल्यावर ३० दिवसांत मूळ कागद परत न मिळाल्यास आणि उशीर बँकेमुळे झाला असल्यास, दिवसाला ५ हजार रुपये भरपाई देण्याचा रिझर्व्ह बँकेचा नियम १ डिसेंबर २०२३पासून लागू आहे.

घर वडिलांच्या किंवा आजोबांच्या नावावर असेल तर वारसांच्या नोंदीला लागणारे महिने आधीच हिशेबात धरा. एखादी वारस बहीण परदेशात असेल तर तिचं मुखत्यारपत्र तिथल्या भारतीय वकिलातीतून साक्षांकित करून मागवावं लागतं आणि इथे आल्यावर तीन महिन्यांत त्यावर मुद्रांक भरावा लागतो. अनिवासी विकणाऱ्याच्या हिश्श्यावर घेणाऱ्याला बराच मोठा टीडीएस कापावा लागतो; कमी कपातीचं प्रमाणपत्र आयकर विभागाकडून आधीच घेतलं नाही तर मोठी रक्कम महिनोन्‌महिने अडकून राहते.

“दस्तात कमी दाखवू, कर वाचेल”

रेडी रेकनरचे दर १ एप्रिल २०२५पासून नाशिक महापालिका हद्दीत ७.३१ टक्क्यांनी वाढले. दस्तातली किंमत या सरकारी मूल्याहून दहा टक्क्यांपेक्षा जास्त खाली गेली, तर आयकर विभाग विकणाऱ्याचा नफा सरकारी मूल्यावर मोजतो, आणि फरकाची रक्कम घेणाऱ्याच्या उत्पन्नात धरली जाऊ शकते. म्हणजे दोघांनाही फटका. स्थावराच्या व्यवहारात २० हजार किंवा त्याहून जास्त रोख घेण्यावर २०१५पासून बंदी आहे आणि दंड घेतलेल्या रकमेएवढाच आहे. मंदीत रास्त भावच सरकारी मूल्याखाली गेला असेल तर त्यालाही वाट आहे: करनिर्धारणाच्या वेळी प्रकरण विभागाच्या मूल्यांकन अधिकाऱ्याकडे पाठवण्याची मागणी करता येते. त्यासाठी जवळ व्हॅल्युअरचा अहवाल हवा.

शिवाय कर लोकांना वाटतो तितका मोठा नसतो. २३ जुलै २०२४पासून इंडेक्सेशन संपलं असं सर्रास बोललं जातं. पण त्या तारखेआधी घेतलेल्या घरासाठी निवासी व्यक्तीला आणि हिंदू अविभक्त कुटुंबाला दोन्ही पद्धतींनी हिशेब करून कमी येणारा कर भरता येतो. उदाहरणार्थ, २०१०-११मध्ये १८ लाखांना घेतलेला फ्लॅट २०२५-२६मध्ये ५० लाखांना गेला. नव्या पद्धतीने ३२ लाखांच्या नफ्यावर साडेबारा टक्के म्हणजे ४ लाख. जुन्या पद्धतीत निर्देशांक १६७वरून ३७६वर गेल्यामुळे खरेदीची किंमत ४० लाख ५३ हजार धरली जाते. उरलेल्या साडेनऊ लाखांच्या आसपासच्या नफ्यावर वीस टक्के म्हणजे सुमारे १ लाख ९० हजार. उपकर वेगळा. वडिलांनी १९८५ साली काही हजारांत घेतलेलं घर असेल तर त्या हजारांऐवजी १ एप्रिल २००१चं बाजारमूल्य धरण्याची मुभा आहे, फक्त ते त्या दिवसाच्या मुद्रांक मूल्यापेक्षा जास्त धरता येत नाही. मिळालेल्या नफ्यातून दोन वर्षांत दुसरं घर घेतलं, तीन वर्षांत बांधलं किंवा सहा महिन्यांच्या आत ठरावीक सरकारी रोख्यांत ५० लाखांपर्यंत गुंतवलं, तर करातून सूट मिळते.

५० लाख किंवा त्याहून मोठ्या व्यवहारात घेणारा एक टक्का टीडीएस कापतो. काही विकणारे ही रक्कम वाढवून मागतात. त्याची गरज नाही, ती आपल्याच नावे जमा होते आणि विवरणपत्रात वजा मिळते.

रंग, दलाल आणि मुहूर्त

मॉड्युलर किचन बसवून घर महाग विकता येतं, असं मला वाटत नाही. घेणारा ते आपल्या आवडीने बदलतो. ओल मात्र आधी बंद करावी. पावसाळ्यात गच्चीतून झिरपलेल्या पाण्याचे डाग पाहून माणूस जिन्यातूनच परत फिरतो.

दलाल जितके जास्त तितकं बरं, हेही खरं नाही. एकच फ्लॅट पाच जणांनी पाच किमतींना जाहिरातीत टाकला की घेणाऱ्याला संशय येतो. एकाला, फार तर दोघांना तीन महिन्यांसाठी काम द्यावं आणि दलाली लेखी ठरवावी. ती साधारण एक ते दोन टक्के असते, तेव्हा ५० लाखांवर अर्ध्या टक्क्याची घासाघीसही २५ हजारांची. ओळखीतला किंवा इमारतीतलाच घेणारा मिळाला तर दलालाऐवजी चांगल्या वकिलाला फी द्यावी. साठेखत आणि खरेदीखत मात्र कुणाच्या तरी जुन्या दस्तावरून नावं बदलून करू नये.

पितृपक्षात इसार द्यायला बहुतेक कुटुंबं तयार होत नाहीत, आणि दसरा-दिवाळी, गुढीपाडवा, अक्षय्य तृतीया या दिवसांत घरांची चौकशी वाढते. त्यामुळे गणपतीपर्यंत कागद, मूल्यांकन आणि ओलीची दुरुस्ती उरकलेली असावी. सौदा ठरला की इसार खात्यावरच घ्यावा, आणि दुय्यम निबंधकांसमोर अंगठा उमटवण्याआधी उरलेली रक्कम पे-ऑर्डरने किंवा बँकेच्या वितरणपत्राने निश्चित झालेली असावी. त्यानंतरच्या आठवड्यात घरपट्टी, पाणीपट्टी आणि महावितरणचं मीटर घेणाऱ्याच्या नावावर करण्याचे अर्ज दोघांनी एकत्र जाऊन द्यावेत, नाहीतर थकलेली बिलं पुढची कितीतरी वर्षं जुन्या मालकाच्याच नावाने येत राहतात.