पिकअपच्या ब्रेकची डिस्क आणि पॅड घेताना

आज आपण गाडीच्या ब्रेकबद्दल बोलणार आहोत. विषय ऐकून काहीजणी म्हणतील, हे ड्रायव्हरचं आणि मिस्त्रीचं काम, यात आपला काय संबंध? संबंध आहे. कुर्डुवाडी, माढा, मोडनिंब या भागातून डाळिंब, पेरू, बोरं, भाजीपाला, गटाचे पापड आणि शेवया, सगळं पिकअपमधूनच बाजाराला जातं. कुठे गाडी गटाची असते, कुठे घरची, कुठे भाड्याची. हप्ता आपण भरतो, माल आपला असतो आणि स्टिअरिंगवर बसलेला बहुतेक वेळा आपलाच मुलगा, दीर नाहीतर भाचा असतो. मग ब्रेकचं सामान कोणतं घ्यायचं हे दुकानदाराने पुढे केलेल्या खोक्यावर का ठरावं?

आधी ब्रेक काम कसा करतो ते पाहू. बहुतेक पिकअपना पुढच्या चाकांना डिस्क आणि मागच्या चाकांना ड्रम असतो. डिस्क म्हणजे बिडाची गोल, जाड थाळी. ती चाकाबरोबर फिरते. तिच्या दोन्ही बाजूंना पॅड असतात. पेडल दाबलं की ब्रेक ऑईलच्या दाबाने कॅलिपर हे पॅड डिस्कवर आवळतो. सांडशीने भांडं दोन्ही बाजूंनी घट्ट धरावं तसंच. मागच्या ड्रममध्ये हेच काम लायनर करतात. ब्रेक दाबला की एसटीतली माणसं पुढे झुकतात, तसा गाडीचा भारही पुढे येतो. म्हणून पुढच्या डिस्क-पॅडवर जास्त ताण पडतो.

या घासण्यातून उष्णता तयार होते. किती? गाडी आणि माल मिळून तीन टन वजन आहे आणि वेग ताशी ६० किलोमीटर आहे असं धरा. ती गाडी एकदा पूर्ण थांबवताना जेवढी उष्णता निघते, तेवढ्यात सव्वा लिटरहून थोडं जास्त गार पाणी उकळीला येईल. वेग ८० असेल तर सव्वादोन लिटरहून जास्त. वेग थोडाच वाढला, पण उष्णता जवळजवळ पावणेदोन पट झाली. म्हणजे चार-पाच सेकंदांत चुलीवरचा टोप उकळायचा, आणि तो भार चार चाकांच्या ब्रेकनी सोसायचा. वजन दुप्पट झालं तर उष्णता दुप्पट होते, वेग दुप्पट झाला तर चौपट होते. ओव्हरलोड आणि वेग एकत्र आले की काय होईल, याचा हिशेब ज्याचा त्याने करावा.

आता आपले रस्ते आठवा. टेंभुर्णीकडे जाताना रस्ता सरळ, तिथे ब्रेक क्वचित लागतो. पण बार्शीहून पुढे येडशीचा घाट आहे, तुळजापूरचा घाट आहे, आणि वाशीच्या मार्केटला माल न्यायचा तर बोरघाट उतरावा लागतो. उतारावर ब्रेक सतत दाबून ठेवला तर डिस्क आणि पॅड इतके तापतात की पेडल दाबलेलं असूनही गाडी ओढत जाते. आषाढी वारीच्या दिवसांत पंढरपूर रस्त्यावर वेग कमी असतो, पण दर पन्नास पावलांना ब्रेक लागतो. हलक्या पॅडचं खरं रूप अशाच वेळी कळतं. मोकळी गाडी गावातून फिरवून आणली आणि ‘ब्रेक छान लागतो’ म्हटलं, तर त्यावरून काहीच ठरत नाही.

मग बदलायचं केव्हा? आवाज आल्यावर नाही, मापावर. आपल्या कुर्डुवाडीला हे वेगळं सांगायला नको. बार्शी लाइट रेल्वे १८९७ साली इथूनच सुरू झाली, रेल्वेचा कारखानाही इथेच आहे. रेल्वेत चाक किती झिजलं हे कोणी अंदाजाने ठरवत नाही, माप लावूनच ठरवतात. पिकअपलाही तोच नियम लावू.

नवीन पॅडचा घासणारा थर साधारण १० ते १२ मिलिमीटर असतो. तो ३ मिलिमीटरवर आला की पॅड बदलायचे. ३ मिलिमीटर म्हणजे दोन रुपयांची दोन नाणी एकावर एक ठेवल्याएवढी जाडी. पाठीमागची लोखंडी पट्टी यात धरायची नाही. काही पॅडना पत्र्याची छोटी जीभ असते. पॅड संपत आला की ती डिस्कला लागून चिरका आवाज करते. तो आवाज आल्यावर ‘पुढच्या फेरीनंतर बघू’ म्हणू नका. पॅड पूर्ण संपला की लोखंडावर लोखंड घासतं आणि डिस्कही जाते. आणखी एक खूण आहे. पॅड झिजतो तशी ब्रेक ऑईलच्या डबीतली पातळी खाली येते. पातळी उतरली की नुसतं ऑईल ओतून गप्प बसू नका, आधी पॅड आणि गळती तपासायला सांगा.

डिस्कचंही माप असतं. बऱ्याच डिस्कच्या कडेवर किंवा मधल्या भागावर कमीत कमी जाडीचा आकडा कोरलेला असतो. मिस्त्रीला मापणीने जाडी मोजून दाखवायला सांगा. कडेला काठ उभा राहिलेला असतो, म्हणून काठावर नाही, घासलेल्या जागेवर मोजायचं. जाडी त्या आकड्याखाली असेल, आरपार तडा असेल, खोल चरे असतील तर डिस्क बदला. ब्रेक दाबल्यावर पेडल पायाखाली थरथरत असेल तर डिस्क सारखी झिजलेली नाही असं समजा. ‘लेथवर टर्निंग मारून देतो’ असं कोणी म्हणालं तर एकच प्रश्न विचारा: टर्निंगनंतर जाडी किती उरेल? ती कमीत कमी आकड्याच्या वर राहत असेल तरच टर्निंग परवडतं. डिस्क पातळ झाली की तिची उष्णता सोसायची ताकदही कमी होते. पातळ तवा लवकर तापतो, हे आपल्याला कोणी शिकवायला नको.

गाडी ब्रेक दाबल्यावर एका बाजूला ओढत असेल तर फक्त पॅड बदलून भागणार नाही. त्या बाजूचा किंवा दुसऱ्या बाजूचा कॅलिपर अडकलेला असू शकतो. तो सुटा करून साफ केल्याशिवाय नवीन पॅडही एका बाजूनेच झिजेल.

आता निवड. डिस्क घेताना गाडीचं मॉडेल, वर्ष आणि चॅसी नंबर सांगूनच मागा. एकाच नावाच्या पिकअपमध्ये कमी आणि जास्त वजनाचे प्रकार असतात, त्यांचे ब्रेक वेगळे असू शकतात. जुनी डिस्क सोबत न्या. व्यास, जाडी, उंची, बोल्टची भोकं, सगळं जुळलं पाहिजे. जुनी डिस्क आत पोकळी असलेली, म्हणजे दोन थरांमधून हवा खेळणारी असेल, तर नवीनही तशीच घ्या. तिच्या जागी भरीव डिस्क स्वस्त मिळते म्हणून घेऊ नका. भोकं पाडलेली, चरे पाडलेली चकचकीत डिस्क कोणी ‘रेसिंगची आहे’ म्हणून दाखवली तर तिच्या नादी लागू नका. लोडच्या गाडीत वारंवार तापून त्या भोकांपासून तडे जाऊ शकतात. आपल्याला साधी, पण योग्य मापाची डिस्क पुरे. आणि डिस्क असो वा पॅड, दोन्ही पुढच्या चाकांना एकदमच बदलायचे. एका बाजूला नवा आणि एका बाजूला जुना असेल तर गाडी ओढते.

पॅडचे ढोबळ तीन प्रकार आहेत. ऑरगॅनिक पॅड मऊ, आवाज कमी, पण जास्त तापल्यावर पकड लवकर सोडतात. सेमी-मेटॅलिक पॅडमध्ये धातूचा चुरा असतो. ते उष्णता चांगली सोसतात, मात्र आवाज आणि धूळ जास्त करतात आणि डिस्कही थोडी जास्त झिजवतात. सिरॅमिक पॅड महाग, शांत, धूळ कमी करणारे. ते मुख्यतः कारसाठी वापरले जातात. लोडच्या गाडीला उष्णता सोसणारा पॅड हवा, आणि गाडीच्या कंपनीने त्या मॉडेलला जो दिला आहे तोच प्रकार उत्तम. काही पॅडच्या पाठीवर किंवा कडेला ‘एफएफ’ किंवा ‘जीजी’ अशी दोन अक्षरं असतात. पहिलं अक्षर साधारण तापमानातली पकड सांगतं, दुसरं खूप तापल्यावरची. ‘ई’पेक्षा ‘एफ’ची पकड जास्त, ‘एफ’पेक्षा ‘जी’ची. दुसरं अक्षर पहिल्यापेक्षा खालचं असेल तर तापल्यावर पकड घटते असं समजा. पण जास्त पकड म्हणजे चांगलंच असंही नाही. पुढे फार कडक पकड आणि मागे जुने लायनर असतील तर ब्रेकचा समतोल बिघडतो. म्हणून पॅड बदलताना मागचा ड्रम उघडून लायनरही पाहून घ्या.

आता पैशांचं. समजा एक पॅडचा जोड ९०० रुपयांना आहे आणि १५,००० किलोमीटर चालतो. दुसरा १,८०० रुपयांना आहे आणि ४०,००० किलोमीटर चालतो. पहिल्याचा खर्च हजार किलोमीटरमागे ६० रुपये, दुसऱ्याचा ४५ रुपये. शिवाय स्वस्त पॅड वारंवार बदलायची मजुरी वेगळी. गटाचं कर्ज घेताना आपण जसा व्याजाचा हिशेब मांडतो, तसाच हाही मांडावा.

डुप्लिकेट माल ओळखायला खोकं नीट पाहा. छपाई पुसट, स्पेलिंग चुकलेलं, पार्ट नंबर किंवा बनवल्याची तारीख नाही, असं खोकं परत करा. छापील किमतीत सगळे कर धरलेले असतात, तिच्यावर वेगळा कर द्यायचा नाही. पक्कं बिल घ्या. २२ सप्टेंबर २०२५ पासून गाडीच्या सुट्या भागांवर जीएसटी १८ टक्के आहे, बिलावर तेवढाच लागला आहे का ते पाहा. बिलावर पार्ट नंबर लिहून घेतला तर पुढे तक्रार करायला आधार राहतो.

सामान बसवताना चार गोष्टी विचाराव्यात. नवीन डिस्कवर गंज येऊ नये म्हणून तेलाचा थर असतो, तो ब्रेक क्लीनरने पुसला का? हबवरचा गंज खरवडला का? कॅलिपरच्या पिनांना ब्रेकसाठीचं ग्रीस लावलं का? साधं ग्रीस तिथे चालत नाही, रबर फुगतं. ब्रेक ऑईल केव्हा बदललं होतं? ते हवेतलं पाणी शोषून घेतं आणि मग जास्त तापल्यावर आत वाफ होऊन पेडल पोकळ लागतं. साधारण दोन वर्षांनी ते बदलावं, डबीवर लिहिलेल्या ग्रेडचंच घालावं.

गॅरेजमधून निघण्याआधी पेडल कडक होईपर्यंत चार-पाच वेळा दाबायचं. पॅड बसवल्यावर पहिला ब्रेक रिकामा जाऊ शकतो. मग मोकळ्या रस्त्यावर ५० च्या वेगावरून १५ पर्यंत आठ-दहा वेळा बेताने वेग कमी करायचा, पूर्ण न थांबता, मध्ये ब्रेक गार होऊ द्यायचा. पहिले २००-३०० किलोमीटर लोड आणि घाट टाळावा. घाटात उतरताना गाडी खालच्या गिअरमध्ये ठेवावी, म्हणजे इंजिनही वेग धरून ठेवतं.

एक शेवटची काळजी आपल्यासाठी. जुन्या किंवा बिननावाच्या पॅडमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं. त्याची धूळ छातीत गेली तर फुप्फुसाचे आजार आणि कॅन्सर होऊ शकतो. खोक्यावर ‘अ‍ॅस्बेस्टॉस-फ्री’ लिहिलेलं पाहा. ब्रेकची धूळ फुंकायची नाही, हवेच्या पाइपने उडवायची नाही, ओल्या फडक्याने पुसायची. ते फडकं टाकून द्या, आणि ते काम केलेले कपडे घरच्या धुण्यात मिसळू नका. धुणं आपणच धुतो.

पुढच्या बैठकीत गाडीच्या वहीला एक पान वाढवा. तारीख, किलोमीटर, पॅडची जाडी, डिस्कची जाडी, पार्ट नंबर आणि बिल. दर ५,००० किलोमीटरला एक नोंद. वही गटाच्या सचिवाकडे राहू द्या आणि नोंद झाल्यावर दोन सह्या होऊ द्या, एक ड्रायव्हरची आणि एक आपल्यापैकी कोणाची तरी.