प्रदीर्घ प्रकल्प आणि प्रशासकाचा कार्यकाल

नागरी वाहतुकीच्या प्रकल्पाचे आयुष्य आणि तो चालविणाऱ्या अधिकाऱ्याचा कार्यकाल यांचे प्रमाण सहसा विषम असते. भुयारी रेल्वेमार्गास आराखड्यापासून पूर्णत्वापर्यंत दशकाहून अधिक काळ लागतो. सनदी अधिकाऱ्याचा एका पदावरील सर्वसाधारण कालावधी मात्र महाराष्ट्राच्या २००५ च्या बदलीविषयक अधिनियमाने तीन वर्षांचा ठरविला आहे. या विषमतेचा विचार करताना श्रीमती अश्विनी भिडे यांची कारकीर्द उद्बोधक ठरते.

भारतीय प्रशासन सेवेच्या १९९५ च्या तुकडीतील श्रीमती भिडे यांना मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणातील कामामुळे नगरवाहतुकीचा अनुभव लाभला. जानेवारी २०१५ मध्ये त्या मुंबई मेट्रो रेल महामंडळाच्या व्यवस्थापकीय संचालिका झाल्या. केंद्र व राज्य यांच्या समान भागीदारीतील या महामंडळाकडे कुलाबा ते सीप्झ हा ३३.५ किलोमीटर लांबीचा, २७ स्थानकांचा मार्ग सोपविलेला होता. त्यांपैकी २६ स्थानके भुयारी आहेत.

भुयाराच्या खोदाईपेक्षाही आरे येथील कारशेडचा प्रश्न अधिक कठीण ठरला. ऑक्टोबर २०१९ मध्ये तेथील दोन हजारांहून अधिक झाडे तोडली गेली आणि मोठा लोकक्षोभ झाला. सार्वजनिक वाहतूक पर्यावरणास हितकारक, हा महामंडळाचा पक्ष; ती वनराईच्या मोलाने नको, हा नागरिकांचा पक्ष. दोन्हींत तथ्य होते. पुढे सत्तांतर झाले, कारशेडच्या कामास स्थगिती मिळाली आणि जानेवारी २०२० मध्ये श्रीमती भिडे यांची बदली झाली. २०२० मध्ये कारशेड कांजूरमार्गास नेण्याचे ठरले; २०२२ मध्ये नव्या शासनाने ते पुन्हा आरे येथेच आणले आणि महामंडळाची सूत्रे पुनश्च त्यांच्याकडे सोपविली. मार्गाचा पहिला टप्पा ऑक्टोबर २०२४ मध्ये, तर अखेरचा ऑक्टोबर २०२५ मध्ये खुला झाला. आरंभी सुमारे २३ हजार कोटी रुपये असलेला अंदाजित खर्च तोवर ३७ हजार कोटींवर गेला होता.

दिल्ली मेट्रोची धुरा ई. श्रीधरन यांनी १९९७ ते २०११ अखेर अखंड वाहिली. तथापि, केवळ दीर्घ कार्यकाल हा यावर उपाय नव्हे. धोरण ठरविण्याचा अधिकार लोकनियुक्त शासनाचाच होय, आणि तो बदलत राहणार. म्हणून स्थाननिश्चितीसारखे वादग्रस्त निर्णय खोदाई सुरू होण्यापूर्वीच, लोकांसमक्ष, पर्यायांची तुलना मांडून व्हावयास हवेत. एकदा भुयार खोदले गेले की पर्याय संकुचित होतात. मग अधिकारी कितीही समर्थ असला, तरी विलंबाचे मोल अखेर प्रवाशालाच द्यावे लागते.